दारू सोडणाऱ्याला बसायला जागा द्या

शेतकरी बंधूंनो आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्या मंडळींनो, लावण्या आटोपल्या. आता पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आणि पाठोपाठ गणपती. या दोन्हींच्या आधी एक विषय आपल्या कानावर घालायचा आहे. विषय दारूचा आहे. पण दारू वाईट, हे सांगायला आम्ही जागा अडवणार नाही. ते पिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. ज्याने सोडायचे मनावर घेतले, किंवा सोडलेली टिकवायची आहे, त्या माणसाने आपल्या वरंध खोऱ्यात जायचे कुठे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

बाटलीचा पत्ता आपल्याकडे कुणाला विचारावा लागत नाही. दारू सोडलेली माणसे कुठल्या वारी, किती वाजता एकत्र बसतात हे विचारून बघा. सरपंचांना माहीत नाही, पोलीसपाटलांना माहीत नाही आणि ज्याला गरज आहे त्याची तर विचारायचीच हिंमत नाही.

मग घडते काय? घरचे लोक हातापाया पडून, कर्ज काढून माणसाला एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवतात. महिना-सव्वा महिन्याने तो परत येतो. चेहरा भरलेला, हात थरथरत नाही, सकाळी उठून गुरांना चारा घालतो. गावही कौतुक करते. तेवढ्यात कुणाची हळद येते, नाहीतर शिमगा येतो, नाहीतर कंपनीतला बोनस. "आज एवढीच घे, काय होतंय?" असे म्हणणारा सोबती दर वाडीत एक असतोच. मग गाव म्हणते, पैसे पाण्यात गेले. आमचे म्हणणे असे की पैसे पाण्यात गेले नाहीत, काम अर्धे राहिले. केंद्रात शरीरातली दारू निघते आणि डोके ताळ्यावर येते. पुढची वर्षानुवर्षे ते ताळ्यावर ठेवण्याचे काम आठवड्याच्या बैठकीत होते. चांगली केंद्रे हे स्वतःच सांगतात. पुण्याचे मुक्तांगण 29 ऑगस्ट 1986 ला सुरू झाले, डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याच्या धडपडीतून आणि पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून. तिथे उपचार संपल्यावर पाठपुराव्याच्या बैठकांना येत राहा, यावर मोठा भर असतो. पण पुणे घाटाच्या पलीकडे, आणि वरंधा घाट अलीकडे पावसाळ्यात कधी दरडीने तर कधी कलेक्टरच्या आदेशाने बंद. ताम्हिणीने वळसा घालून पाठपुराव्याला जाणारा माणूस आम्हाला दाखवा!

या बैठकींचे मूळ अमेरिकेतले आहे. 1935 साली ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात शेअरबाजारातला एक माणूस कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. धंद्याचे काम फिसकटले आणि पाय गुत्त्याकडे वळू लागले, तेव्हा त्याने शोधाशोध करून एक दुसरा दारुडा गाठला. तो निघाला सर्जन. दोघे तासन्तास बोलत बसले. आपल्यासारख्याच माणसाशी खरे बोललो की आपली पिण्याची ओढ कमी होते, हे शेअरबाजारवाल्याच्या ध्यानात आले. पुढे डॉक्टरचीही सुटली. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे सगळे ज्याला एए म्हणतात, ती संघटना उभी राहिली. 1957 पासून ती आपल्या देशातही आहे. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. खर्चासाठी सदस्य आपापसांत डबा फिरवतात. बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत, आमदारसाहेबांचीसुद्धा नाही.

बैठकीत काय करतात, असे काहीजण विचारतात. तास-दीड तास बसतात. एकेकजण आपले सांगतो. काल काय झाले, कशाने घ्यावीशी वाटली, कशी टळली. मध्ये कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. जन्मभराची शपथ कुणी घालत नाही, आजचा दिवस प्यायची नाही एवढेच बघतात. उद्याचे उद्या. शेवटी चहा.

यात आपल्याला परके काय वाटावे? महाड-पोलादपूर भागात वारकरी मंडळी भरपूर. माळ घातली आणि दारू सुटली, अशी उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहेत. पण नीट आठवून बघा. टिकली कुणाची? जो माळ घालून एकादशीच्या भजनाला जात राहिला, पखवाजाशेजारी बसला, ज्याची दिंडीतल्या चार माणसांनी वाट पाहिली, त्याची टिकली. ज्याने कीर्तनाच्या रात्री भरात येऊन माळ घातली आणि सकाळी एकटाच घरी गेला, त्याच्या माळेचे पुढे काय झाले तेही आपण पाहिले आहे. भजनाची संगत ज्याला रुचते त्याने तीच धरावी, तिच्यासारखे औषध नाही. पण प्रत्येकाला भजन रुचेल असे नाही. शिवाय भजनात आपली लाज उघडी करून बोलता येत नाही, ते बैठकीत येते.

हे नुसते श्रद्धेचे बोल नव्हेत. 2020 साली या विषयावरचे 27 अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत दहा हजारांवर माणसांची नोंद होती. माणसाला शिस्तशीरपणे एएच्या वाटेला लावणारे उपचार पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत सरस ठरले.

इथे एक धोक्याची सूचना, आणि ही घरच्या बायामाणसांनी नीट वाचावी. जो रोज सकाळपासून पितो, त्याची दारू एकाएकी बंद करू नका. खोलीत कोंडून तर मुळीच नको. शेवटच्या घोटानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत हातपाय थरथरणे, घाम, झोप उडणे, फिट येणे, भिंतीवर किडे दिसणे, कुणी मारायला आल्यासारखे ओरडणे असे प्रकार होतात. आपल्याकडे याला बाहेरचे लागले म्हणतात आणि माणसाला भगताकडे नेतात. हे बाहेरचे नाही, दारू एकदम तुटल्याचे आहे, आणि त्यात माणूस दगावू शकतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महाडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, गरज पडल्यास अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात. अंगातली उतरली की मग बैठक. दुसरे असे, की गुपचूप भाजीत कालवून द्यायच्या पुड्या विकणारे लोक फिरत असतात. दारू सोडवण्याच्या काही गोळ्यांवर दारू प्याली तर छाती धडधडून, रक्तदाब घसरून जीव धोक्यात येतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, त्या माणसाला सांगूनच त्या द्यायच्या असतात. पोराच्या किंवा नवऱ्याच्या भल्यासाठी म्हणून अंधारात विषाची परीक्षा घेऊ नका.

आता बैठक शोधायची कशी? केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14446. मनाच्या तक्रारींसाठी 2022 पासून टेलिमानस आहे, नंबर 14416. एएचे देशपातळीवरचे कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्याकडे ठिकठिकाणच्या बैठकींची यादी असते. फोन करताना नाव सांगायची गरज नाही. नुसते "जवळ बैठक कुठे" असे विचारून थांबू नका. महाड, माणगाव, खेड, पनवेल अशी गावे एकेक करून विचारा. वार कोणता, वेळ कोणती, भाषा मराठी ना, खुली बैठक की फक्त पिणाऱ्यांसाठीची, आणि जागा बदलली तर कळवणार कोण? या बैठका शाळेत, चर्चच्या खोलीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात चालतात आणि जागा बदलत राहते. जुन्या कागदावरचा पत्ता धरून रात्री कुलूपबंद दारासमोर उभा राहिलेला माणूस पुढे कुठे जातो, ते सांगायला नको. म्हणून निघण्याआधी त्याच दिवशी फोन करावा.

सोयीची बैठक म्हणजे जिथून शेवटच्या एसटीने घरी परतता येते ती. आठ वाजता सुटणारी बैठक कितीही चांगली असली, तरी ज्याची वस्तीची गाडी सातला निघते त्याच्या ती कामाची नाही. महाड एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबणाऱ्याला एकच ठरलेला वार धरता येत नाही, त्याने दोन ठिकाणच्या बैठकी माहीत करून ठेवाव्यात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आदिवासीवाडीतल्या कुटुंबांचे तर आणखी वेगळे. भट्टी जिथे असेल तिथे जवळ काही आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यायला हवे. (दारूचा विषय निघाला की बोट पहिल्यांदा कातकरीवाडीकडे दाखवायची आपल्याला खोड आहे. गावठाणातल्या माडीवर काय चालते, ते बोट दाखवणाऱ्यालाही माहीत असते.)

2020 च्या टाळेबंदीपासून मोबाइलवरही अशा बैठका होऊ लागल्या. घाटाखालच्या वाड्यांना ही सोय मोठी, रेंज असेल तर. पण दोन खोल्यांच्या घरात म्हातारी, पोरे, शेजारी सगळे ऐकत असताना माणूस खरे काय बोलणार? फोन घेऊन खळ्यावर किंवा मांगरात जावे. अजिबात काही नसण्यापेक्षा हे बरे, पण समोरासमोर बसण्याची गोडी त्याला नाही.

पहिल्या बैठकीवरून मत बनवू नका. पहिल्या दिवशी सगळेच परके वाटते. पाच-सहा वेळा जा. एक जमली नाही तर दुसरी बघा, बैठका माणसांसारख्याच असतात, स्वभाव वेगवेगळे. देवाचे नाव येते म्हणून काहीजण मागे फिरतात. ती शक्ती ज्याने त्याने आपापल्या समजुतीने मानायची असते. बौद्ध असो, मुसलमान असो, काहीच न मानणारा असो, त्याला अडवत नाहीत. पण काही ठिकाणांहून मात्र पाऊल मागे घ्यावे. पैसे मागितले, हमखास सोडवतो अशी खात्री दिली, डॉक्टरने दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगितले, कुठल्या कागदावर सही-अंगठा घेतला किंवा तुमचा फोटो काढून बोर्डावर लावला, तर ती बैठक तुमची नव्हे.

फोटोवरून गावकारभाऱ्यांकडे येऊ. गावात काही करायचे म्हटले की आपल्याला आधी मंडप सुचतो. व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठरतो, पाहुणे येतात, सोडणाऱ्यांना पुढे बोलावून नारळ-टॉवेल देतात, सगळ्यांसमोर शपथ होते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. (तो फोटो आमच्याच टेबलावर येतो, म्हणून सांगतो.) हेतू वाईट नसतो. पण ज्याचा सत्कार झाला, त्याचा दोन महिन्यांनी एक दिवस पाय घसरला, तर तो तोंड कुठे दाखवणार? शपथ मोडली ती साऱ्या गावासमोर. मग तो लपून पितो, आणि लपून पिणारा सोडायला परत येत नाही. काही गावांत तंटामुक्ती समिती दंड ठेवते. पिऊन बायकोला मारणाऱ्याला, रस्त्यात दंगा करणाऱ्याला कायदा दाखवा, त्यात दयामाया नको. पण घसरण्याला दंड ठेवला की माणूस घसरला हे सांगायचेच बंद होते. या आजारात घसरणे होते, बरे होणाऱ्यांचेही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याच्याकडे जाऊन "काल घेतली" असे म्हणता येते, असा एक माणूस असणे महत्त्वाचे.

एएच्या नावातच निनावीपणा आहे. शहरात तो सोपा, आपल्या गावात अवघड. इथे कुत्रे भुंकले तरी कुणाकडे पाहुणा आला ते कळते. म्हणून आमचे असे मत झाले आहे की पहिली काही वर्षे माणसाने आपल्या गावची नव्हे, शेजारच्या गावची बैठक धरावी. वरंधच्याने बिरवाडीला जावे, बिरवाडीच्याने महाडला, पोलादपूरच्या कापड्याकडच्याने पोलादपूरला. बाजारचा दिवस असला तर फारच छान. पिशवी हातात असली की कुणी विचारत नाही. पण हे तेव्हाच जमेल जेव्हा प्रत्येक मोठ्या गावात एक बैठक असेल. आणि ती सुरू करायला पन्नास माणसे लागत नाहीत. दोघे-तिघे बसले तरी बैठक झाली, हा एएचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे. ॲक्रनलाही दोघेच होते.

मग ग्रामपंचायतीने करायचे काय? एक खोली द्यायची. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, वर्षभर तोच वार, तीच वेळ. तेवढ्यात दुसरे काही तिथे ठेवायचे नाही. सरपंच निवडणुकीने बदलतील, भाऊसाहेब बदलीने जातील (त्यांना हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे), पण वार बदलता कामा नये. खोली कुठली? देवळाचा सभामंडप बऱ्याच गावांत मोकळा असतो, पण तिथे यायला सगळ्याच वाड्यांतल्या लोकांना मोकळे वाटते का, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे. शाळेचा वर्ग चांगला, पण पोरे खेळत असतात आणि बाप कुठे चालला ते बघतात. आम्हाला आरोग्य उपकेंद्र किंवा ग्रामपंचायतीची मागची खोली बरी वाटते. तिथे लोक दाखल्याला, गोळीला, कशालाही जातात, आत शिरणाऱ्याकडे बघून कुणी काही ताडू शकत नाही. दार स्टँडच्या समोर नको. बोर्ड नको. दिवा आणि पिण्याचे पाणी हवे. आणि खोली दिली म्हणून आपण जाऊन बसायचे नाही, किती आले विचारायचे नाही, पंचायत समितीला पाठवायला नावांची यादी मागायची नाही. वर अहवाल लागत असेल तर "खोली दिली" एवढाच अहवाल.

दुकान बंद करण्याचा मार्गही आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानात आडवी बाटली केली, तर परवान्याचे दुकान बंद होते, आणि काही गावांनी ते करून दाखवले आहे. त्यांना आमचा नमस्कार. पण दुकान बंद झाल्यावर ज्याच्या अंगाला सवय लागली आहे तो हातभट्टी शोधतो. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, हे विसरून चालणार नाही. आडवी बाटली करणाऱ्या गावाने खोलीचा ठरावही त्याच दिवशी करावा.

घरच्या बाईचे काय? नवरा जाईल न जाईल, तिने जावे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी 1951 पासून अल-ॲनॉन नावाच्या वेगळ्या बैठका आहेत, मुक्तांगणाचा सहचरी गट आहे. बाटल्या लपवणे, उधारी फेडणे, कंपनीत "ताप आलाय" म्हणून सांगणे, हे सगळे ती प्रेमापोटी करते आणि त्यातूनच त्याचे पिणे चालू राहते, हे तिला तिथे कळते, तेही कुणी दोष न देता. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट झाले, त्याचा असाही उपयोग व्हावा. आणि पिणारी बाईही आपल्याकडे आहे. तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून ती सगळ्यांत एकटी. तिच्यासाठी आशाताईंनीच वाट काढावी, बैठकीतल्या पुरुषांनी नव्हे.

राहिले गणपती. मुंबईत एएच्या मराठी बैठका गेली कित्येक वर्षे चालतात, आणि आपले चाकरमानी तिथे नाहीत असे कोण म्हणेल? वर्ष-दोन वर्षे न पिता राहिलेला माणूस गणपतीला गावी येतो. मुंबईत त्याला रोज कुठली ना कुठली बैठक मिळत असते, इथे दहा दिवस एकही नाही. जुने मित्र, रात्रीचे जागरण, बाल्या नाच, आणि मागच्या पडवीत सुरू असलेला दुसरा कार्यक्रम. त्याने काय करावे? निघण्याआधी आपल्या बैठकीतल्या जुन्या माणसाचा नंबर घ्यावा आणि रोज रात्री एक फोन करावा. हातात पाण्याचा किंवा चहाचा ग्लास ठेवावा, रिकाम्या हाताला कुणीही दुसरे काही देते. आणि गावात आपल्यासारखाच कुणी धडपडतो आहे असे कळले, तर त्याला सकाळी नदीवर गाठून अर्धा तास बसावे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत खोलीचा ठराव झाला, तर त्याला नदीवर जावे लागणार नाही. गणपतीच्या त्या आठवड्यात बैठकीच्या वेळी आरती आली, तर आरती अर्धा तास पुढे घेता येते. मंडळाने कुणाला कारण सांगायची गरज नाही, आणि पहिल्या दिवशी खोलीत एकच माणूस येऊन बसला तरी किल्लीवाल्याने दिवा दीड तास चालू ठेवावा.